आईला घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलला

ह्यूस्टनमध्ये राहायला येऊन आठ वर्षे झाली, तरी मोटारीने सहा तासांवर असलेल्या न्यू ऑर्लिन्सचा कार्निव्हल आम्ही दोघांनी पाहिला नव्हता. गर्दी, दारू आणि रात्रभर चालणारा गोंगाट एवढेच त्याच्याविषयी ऐकलेले असल्यामुळे तो आपल्यासाठी नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. आई डिसेंबर २०२४ मध्ये साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार असे ठरले, तेव्हा तिनेच फोनवर विचारले, "तिकडे तो रथांचा मोठा उत्सव असतो ना गं, तो जवळ आहे का?" आईचे वय ६८, उजवा गुडघा दुखरा, आणि ती पूर्ण शाकाहारी; केकमधले अंडे तेवढे तिला चालते. अशा माणसाला घेऊन जायचे तर काय करावे, हे मला कुठेच सलग वाचायला मिळाले नाही, म्हणून आम्हाला जे जसे करावे लागले ते सविस्तर लिहीत आहे.

पहिली अडचण तारखेची होती. मार्डी ग्रा, म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा दिवस, नेहमी मंगळवारी आणि ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो, त्यामुळे आपल्या सणांप्रमाणेच त्याची तारीख दरवर्षी पुढेमागे होते. २०२५ मध्ये ईस्टर २० एप्रिलला होता, म्हणून मार्डी ग्रा ४ मार्चला आला. कार्निव्हलचा हंगाम मात्र ६ जानेवारीलाच सुरू होतो आणि मोठ्या मिरवणुका शेवटच्या दोन आठवड्यांत निघतात. शेवटून दुसऱ्या शनिवार-रविवारी गर्दी बरीच कमी आणि खोल्याही स्वस्त असतात. लहान मुले बरोबर असतील, तर मी आज तोच आठवडा निवडेन. आम्हाला खुद्द मंगळवार पाहायचा होता, म्हणून २८ फेब्रुवारीचा शुक्रवार ते ५ मार्चचा बुधवार अशा पाच रात्री ठरवल्या.

सप्टेंबरमध्ये मी नकाशा उघडून बसले आणि तेव्हा माझा मोठा गैरसमज दूर झाला. चित्रांत दिसणारी बर्बन स्ट्रीट म्हणजेच कार्निव्हल, असे मला वाटत होते. वास्तविक ती जिथे आहे त्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागाच्या अरुंद गल्ल्यांतून मोठे चित्ररथ न्यायला १९७३ पासून बंदी आहे. बहुतेक मोठ्या मिरवणुका नेपोलियन अव्हेन्यूवरून निघून सेंट चार्ल्स अव्हेन्यूने कॅनाल स्ट्रीटकडे जातात, आणि या सेंट चार्ल्सवर शहरातली कुटुंबे आजी-आजोबांसह घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात. हे कळल्यावर निम्मी भीती गेली. मी तो मार्ग कागदावर जाड रेघेने काढला आणि फ्रिजवर लावला. पुढे राहण्याची जागा, बसण्याची जागा, स्वच्छतागृह आणि जेवण या सगळ्यांचा निकाल त्या रेघेनेच लावला.

हॉटेल १२ ऑक्टोबरला ठरवले. या दिवसांत बहुतेक हॉटेले किमान चार रात्रींचे आरक्षण मागतात, तेव्हा एका रात्रीचा भाव पाहून हिशेब करू नये. आम्हाला सेंट चार्ल्सपासून चालत तीन मिनिटांवर, जॅक्सन अव्हेन्यूच्या खालच्या अंगाला, तिघांना पुरेल अशी एक खोली रात्रीला २८९ डॉलर अधिक कर या दराने मिळाली. गाडी उभी करण्याचे दर रात्रीचे ४५ डॉलर वेगळे. आरक्षण २९ जानेवारीपर्यंत रद्द करता येणार होते आणि त्यानंतर सगळे पैसे बुडणार होते. ही तारीख मी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली, आणि ते किती बरे झाले हे पुढे कळले.

१ जानेवारीच्या पहाटे बर्बन स्ट्रीटवर एका माणसाने पिकअप ट्रक गर्दीत घातला आणि १४ जणांचा जीव गेला. आई तेव्हा आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. दिवसभर टीव्हीवर तीच दृश्ये होती, साताऱ्याहून मामाचे दोन फोन आले, आणि नवऱ्याने संध्याकाळी सरळ सांगितले की आरक्षण रद्द करू या. मी हो किंवा नाही म्हणाले नाही. २९ जानेवारीपर्यंत वेळ होता, तोवर प्रशासन काय करते ते पाहायचे ठरवले. त्या महिन्यात बंदोबस्ताच्या बातम्या मी रोज वाचत होते. केंद्र सरकारने मार्डी ग्राला सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत वरचा दर्जा दिला आणि मार्गावर जास्तीचे पोलीस व अडथळे येणार असल्याचे जाहीर झाले. २७ जानेवारीच्या रात्री आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि दोन गोष्टी ठरवल्या: बर्बन स्ट्रीटवर अजिबात जायचे नाही, आणि कुठल्याही संध्याकाळी तिघांपैकी एकाला जरी अस्वस्थ वाटले तरी प्रश्न न विचारता खोलीवर परतायचे. आई एवढेच म्हणाली, "त्या गावातली माणसं घरात बसणार नसतील, तर आपणही जाऊ." आरक्षण कायम ठेवले, पण मनातली धाकधूक शुक्रवारपर्यंत गेली नाही, हेही नोंदवून ठेवते.

आता जेवणाविषयी, कारण माझा सर्वाधिक वेळ त्यात गेला. न्यू ऑर्लिन्सचे खाणे म्हणजे कोळंबी, कालवे, खेकडे आणि सॉसेज. जे पदार्थ नावावरून निरुपद्रवी वाटतात तेच फसवे असतात. रेड बीन्स अँड राइस हा तिथला सोमवारचा परंपरागत पदार्थ. दिसायला आपल्या राजम्यासारखा, पण तो बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. गम्बो म्हणजे भाताबरोबर खायचा दाट रस्सा, आणि गम्बो झर्ब म्हणजे त्याचा पालेभाज्यांचा प्रकार. डूकी चेज या १९४१ पासूनच्या उपाहारगृहाविषयी वाचताना तो मला भेटला. तिथल्या लिया चेज यांच्या स्वयंपाकघराने तो गावाबाहेर नावारूपाला आणला आणि तो ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी करतात. इतक्या पालेभाज्या वाचून मी आनंदले, पण त्यात हॅम, सॉसेज आणि कोंबडीही असते. तेव्हा पदार्थसूची वाचून काही ठरवायचे नाही, फोन करायचा, असा मी नियम केला. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान फोन केला की स्वयंपाकघरात विचारून सांगायला त्यांना सवड असते. तीन प्रश्न पुरतात: मांसाचा किंवा माशांचा स्टॉक घातला आहे का, कोळंबी तळलेल्या तेलातच बाकीचे तळता का, आणि भाजीत चवीपुरते बेकन टाकता का. मी अकरा ठिकाणी फोन केले, त्यांपैकी चार ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळाले. एका ठिकाणच्या बाईंनी तर आपण होऊन सांगितले की आदल्या दिवशी कळवले तर स्टॉकऐवजी पाणी वापरून मक्याचे माक शू करून ठेवू.

या दिवसांत उपाहारगृहांचे नियमही बदलतात. मार्गावरची काही ठिकाणे ठरावीक किमतीचे जेवण आगाऊ पैसे घेऊन विकतात आणि मंगळवारी तर बरीच ठिकाणे बंद असतात. जुन्या नामांकित ठिकाणी पोशाखाचाही नियम असतो. गॅलटॉयर्समध्ये संध्याकाळी पाचनंतर पुरुषांना कोट लागतो. दिवसाला दोन बाहेरची जेवणे आम्हाला झेपणार नाहीत हे ओळखून मी रोज एकच जागा आरक्षित केली आणि बाकी वेळेसाठी खोलीत छोटा राइस कुकर, मेतकूट, लोणचे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली. हॉटेलला आधी विचारूनच कुकर नेला. पाच दिवसांत त्या मेतकूट-भाताने आम्हाला तीन वेळा सांभाळले.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात शिरल्यावर अचाफलाया खोऱ्यातल्या दलदलीवरून अठरा मैलांचा पूल लागतो. त्याआधीच एखाद्या विश्रांतिस्थळी थांबून घ्यावे, हे ज्येष्ठ बरोबर असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. मिरवणुकीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत नेपोलियन आणि सेंट चार्ल्सवर गाडी उभी करायला मनाई असते आणि उभी केलेली गाडी खरोखर उचलून नेतात. त्यामुळे दुपारी एकच्या आत हॉटेलवर पोचणे हे त्या दिवसाचे मुख्य काम होते. गाडी एकदा लावली ती बुधवारीच काढली.

पहिल्या रात्रीसाठी मी लाफायेत स्क्वेअरजवळच्या प्रेक्षकमंचावरच्या तीन जागा डिसेंबरमध्येच घेतल्या होत्या, प्रत्येकी ६० डॉलर. खर्च मोठा होता, पण पाठ टेकायला जागा आणि शेजारी स्वच्छतागृह मिळाल्यामुळे आईला पहिला अनुभव निवांत घेता आला. पुढच्या दिवसांसाठी मार्गावरच्या एका चर्चने दिवसभराचा स्वच्छतागृहाचा पास प्रत्येकी २० डॉलरना दिला. मार्गावरची चर्चे आणि शाळा असे पास विकतात, आणि त्यात कंजुषी करू नये.

त्या रात्री हर्मिस, देता आणि मॉर्फियस अशा तीन मंडळांच्या मिरवणुका होत्या. तिथे अशा मंडळाला 'क्रू' म्हणतात, आणि वर्षभर वर्गणी काढून रथ, पोशाख, उधळायच्या वस्तू असा सगळा खर्च सभासदच करतात. आईला ही व्यवस्था पटकन समजली, कारण आमच्या पेठेतले गणेश मंडळ तिने चाळीस वर्षे पाहिले आहे. रथावरच्या प्रत्येकाला कायद्यानेच मुखवटा घालावा लागतो. पण ज्याने आई उठून उभी राहिली ते रथ नव्हते. पहिल्या रथांच्या आगेमागे पेटत्या मशाली खांद्यावर पेलत माणसे आली. त्यांना तिथे फ्लॅम्बो म्हणतात. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळात रात्रीच्या मिरवणुकीला उजेड देण्याचे हे काम गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय माणसे करत, आणि लोक त्यांच्याकडे नाणी टाकत. आजही लोक पुढे होऊन त्यांच्या हातात नोटा देतात. मशालीचे चार-पाच बर्नर असलेले ते जड लोखंड एक प्रौढ गृहस्थ गोल फिरवत होते, तेल ठिबकून डांबरावर बारीक ज्वाळा उठत होत्या आणि त्यांच्या कपाळावरचा घाम आम्हाला मंचावरून दिसत होता. आईने पाकिटातून पाच डॉलर काढून नवऱ्याला खाली पाठवले. त्या गृहस्थांनी मशाल जराशी झुकवून तिच्याकडे पाहिले. तिने हात जोडले.

परतताना टॅक्सी मिळणार नाही हे माहीत होते. शेवटचा रथ गेल्यावर मोकळ्या झालेल्या रस्त्याच्या कडेने, मध्ये दोनदा घडीच्या स्टुलावर बसत, आम्ही पाऊण तासात खोलीवर आलो. ते स्टूल २२ डॉलरचे होते आणि साऱ्या सामानात सर्वांत उपयोगी ठरले.

शनिवारी सकाळी कॅफे दू मोंडला गेलो. १८६२ पासूनचे हे ठिकाण बेन्ये नावाच्या, वर पिठीसाखरेचा ढीग घातलेल्या चौकोनी तळलेल्या पावांसाठी ओळखले जाते. लवकर गेल्यामुळे वीस मिनिटांत टेबल मिळाले. कॉफीचा पहिला घोट घेताच आई म्हणाली, "ही तर आपल्या पुडीतली कॉफी." खरोखरच तिच्यात आपल्याकडच्या कॉफीप्रमाणे चिकोरी असते. परतीला ट्रामने आलो. तिकीट सव्वा डॉलर, ६५ वर्षांवरील प्रवाशांना ४० सेंट, मात्र वयाचा पुरावा जवळ ठेवावा. मिरवणुका सुरू झाल्या की सेंट चार्ल्सची ट्राम थांबते, हे विसरू नये. दुपारभर आईला झोपू दिले. एंडिमियन मंडळाची प्रचंड मिरवणूक त्या संध्याकाळी मिड-सिटी भागात, म्हणजे आमच्या रेघेपासून दूर होती, आणि ती आम्ही सोडून दिली.

रविवार सर्वांत मोठा दिवस. सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत चार मिरवणुका एकामागून एक असतात. शिड्या, खुर्च्या वगैरे पदपथाच्या कडेपासून सहा फूट मागे ठेवाव्या लागतात, म्हणून आम्ही खुर्च्या मागच्या कुंपणालगत लावल्या आणि रथ आला की एकेकाने पुढे जायचे असे ठरवले. शेजारी तीन पिढ्यांचे एक कुटुंब होते. त्यांच्या आजीने आईच्या मांडीवर आपण होऊन पांघरूण टाकले आणि तिला "थ्रो मी समथिंग, मिस्टर" अशी आरोळी शिकवली. दुपारच्या थॉथ या मंडळाविषयी मला विशेष आदर वाटला. १९४७ साली ते निघाले तेच मुळी घराबाहेर पडू न शकणाऱ्या रुग्णांसाठी, आणि त्यांचा मार्ग आजही मुलांच्या रुग्णालयावरून जातो. गुडघ्यामुळे कित्येक वर्षे पालखीच्या दर्शनालाही न गेलेल्या आईला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्या संध्याकाळी माझी चूक झाली. साडेसातचे जेवण मॅगझिन स्ट्रीटवर आरक्षित केले होते. नकाशावर अंतर जेमतेम मैलभर. पण मिरवणुकीचा मार्ग आणि मिसिसिपी नदी यांच्यामध्ये सापडलेल्या भागाला तिथले लोक 'बॉक्स' म्हणतात, आणि मिरवणूक चालू असताना गाडीने त्यात शिरता येत नाही, बाहेरही पडता येत नाही. आमचे हॉटेल रेघेच्या सरोवराकडच्या बाजूला होते आणि उपाहारगृह नदीकडच्या. दिशा विचारतानाही तिथे उत्तर-दक्षिण न म्हणता नदी आणि सरोवर असेच म्हणतात. दोन रथांमधल्या फटीतून पायी रस्ता ओलांडता आला असता, पण तो धोका आईला घेऊन पत्करायचा नव्हता. बॅकस मंडळाचे रथ समोरून जात होते आणि मी फोनवर क्षमा मागत होते. त्यांनी उशिरा रद्द केल्याबद्दल माणशी २५ प्रमाणे ७५ डॉलर कापले. ही अट आरक्षणाच्या वेळीच लिहिलेली होती, तरी मला त्या रात्री रडू आले, कारण तिथेच आईसाठी वेगळे माक शू करून ठेवलेले होते. आपले हॉटेल आणि जेवणाची जागा रेघेच्या एकाच बाजूला आहेत ना, हे आरक्षणापूर्वी पाहावे. मी फ्रिजवर नकाशा लावला होता, पण त्यावर उपाहारगृहांच्या खुणा करायच्या राहून गेल्या होत्या.

सोमवारी सकाळी मी त्या बाईंना पुन्हा फोन करून दिलगिरी व्यक्त केली, आणि त्यांनी दुपारी एकला या म्हणून सांगितले. मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि लोणी यांचे ते माक शू आईने भाताबरोबर दोनदा घेतले. जेवणानंतर किंग केक आला: जांभळी, हिरवी आणि सोनेरी साखर भुरभुरवलेले गोल कडे. रेक्स मंडळाच्या १८९२ च्या मिरवणुकीपासून या रंगांचे अर्थ न्याय, श्रद्धा आणि सत्ता असे मानले जातात. केकमधली छोटी बाहुली ज्याच्या वाट्याला येईल त्याने पुढचा केक आणायचा. घशात अडकू नये म्हणून अनेक बेकऱ्या ती आता बाजूला ठेवून देतात.

त्याच दिवशी कळले की मंगळवारी वादळी वाऱ्याचा इशारा असल्याने झुलू आणि रेक्स या मुख्य मिरवणुका नेहमीपेक्षा बऱ्याच लवकर निघतील आणि त्यांचा मार्गही लहान केला जाईल. सहा महिन्यांची आखणी एका संध्याकाळी बदलली. शहराच्या आणि पोलिसांच्या सूचना फोनवर येतील अशी सोय आधीच करून ठेवावी, कारण छापील वेळापत्रकाचा अशा वेळी काही उपयोग नसतो. आम्ही साडेचारला उठलो आणि अंधारातच सेंट चार्ल्सवर जाऊन उभे राहिलो. रथांवरून उधळलेल्या आणि झाडांवर अडकलेल्या मण्यांच्या माळा वाऱ्याने वाजत होत्या.

झुलू हे कृष्णवर्णीयांचे मंडळ १९०९ पासून मिरवत आले आहे आणि हाताने रंगवलेला नारळ हा त्यांचा मानाचा प्रसाद समजला जातो. पूर्वी ते नारळ फेकत. विम्याच्या अडचणीमुळे १९८७ मध्ये वाटप थांबले, आणि १९८८ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने नारळाला नुकसानभरपाईच्या दाव्यांतून वगळणारा कायदा केला. तेव्हापासून तो हातात देतात. तो सगळ्यांना मिळत नाही, आणि आम्ही त्याची आशाही धरली नव्हती. तिसरा की चौथा रथ थोडा वेळ थांबला होता. कडेच्या स्वाराने स्टुलावर बसलेल्या आईकडे बोट दाखवले, मी पुढे गेले, आणि त्याने वाकून सोनेरी-काळ्या रंगाचा नारळ माझ्या ओंजळीत ठेवला. आईने तो पदरात घेतला. शेंडी नव्हती, आतले पाणी काढलेले होते, कवचावर सोनेरी चकाकीचे कण होते आणि एका बाजूला २०२५ लिहिले होते. "हा फोडायचा नसतो ना?" असे विचारून तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि रेक्सची मिरवणूक संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

बुधवारी सकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा सफाईचे ट्रक रस्ते धूत होते आणि कॉफीच्या रांगेतल्या कितीतरी माणसांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू झाला होता. आमच्याकडे दोन पिशव्या भरून माळा जमल्या होत्या. २०१८ मध्ये सेंट चार्ल्सच्या अवघ्या पाच चौकांच्या गटारांतून ४६ टन माळा निघाल्याचे मी वाचले होते, म्हणून त्या पिशव्या आर्क या संस्थेच्या संकलन पेटीत टाकल्या; ती संस्था अपंग व्यक्तींना रोजगार देऊन माळा पुन्हा वापरात आणते. पेटीपाशी आईने एक जांभळी माळ परत काढून घेतली. खोली, गाडी उभी करणे, मंच, पास, जेवणे, कापले गेलेले ७५ डॉलर आणि पेट्रोल मिळून तिघांचा खर्च सुमारे २,७०० डॉलर झाला. नारळ आता साताऱ्याला देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला आई तो हातात देऊन दाखवते.